दोन दुकाने आणि मधला रस्ता

वस्तूचा भाव कशाने ठरतो, असे कोणालाही विचारले तर तो म्हणेल, मालाची आवक किती आणि मागणी किती, यावरून ठरतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते मोठ्या पेठेचे उत्तर आहे. जेथे शंभर आडते एका ओळीत बसलेले असतात आणि हजार गिऱ्हाइके फिरत असतात, तेथे ते बरोबर लागू पडते. खेड्यापाड्यांतले चित्र निराळे असते. तेथे विकणारे शंभर नसतात. दोन असतात, फार तर तीन. एक दुकान आपल्या गावात, दुसरे पलीकडच्या गावात, आणि दोहोंच्या मध्ये रस्ता. आज मला बोलायचे आहे ते या मधल्या रस्त्याविषयी. भाव ठरवताना हा रस्ता गुपचूप तिसऱ्या माणसासारखा हजर असतो, आणि पुष्कळदा त्याचाच शब्द शेवटचा ठरतो.

अर्थशास्त्रात हा विचार तसा उशिराच आला. फ्रान्समध्ये कूर्नो नावाचे एक पंडित होऊन गेले. त्यांनी १८३८ साली फक्त दोनच विक्रेते असले तर काय होते, हा प्रश्न प्रथम गणिताने मांडला. उदाहरण घेतले होते खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचे. झरे दोन, मालक दोन, पाणी मात्र एकच. पुढे १८८३ साली बर्त्रां या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाने त्यावर आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, पाणी जर अगदी एकसारखे असेल, तर जिकडे थोडेसेही स्वस्त मिळेल तिकडे सगळी गिऱ्हाइके धावतील. मग एक मालक भाव थोडा उतरवील, दुसरा त्याहून थोडा जास्त उतरवील, आणि असे उतरता उतरता दोघेही निव्वळ खर्चाच्या भावाला येऊन टेकतील. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, असाच हा प्रकार.

पण आपला रोजचा अनुभव असा आहे का, बरं? गावचा वाणी साखर किलोमागे रुपयाने महाग देतो, म्हणून सारा गाव उठून तालुक्याला जात नाही. हॅरॉल्ड होटेलिंग या अमेरिकन विद्वानाने १९२९ साली ‘इकॉनॉमिक जर्नल’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला आणि नेमके या गोष्टीवर बोट ठेवले. एखाद्या दुकानदाराने भाव थोडा चढवला तर त्याची सगळी गिऱ्हाइके जात नाहीत, थोडीच जातात. कोणाला ते दुकान जवळ पडते, कोणाला दुकानदाराची वागणूक आवडते, कोणी त्याच्या पंथाचा असतो. म्हणजे दोन विक्रेत्यांच्या जगात प्रत्येकाभोवती त्याची स्वतःची एक लहानशी जहागीर असते. त्या जहागिरीला कुंपण असते, आणि ते कुंपण मुख्यतः अंतराचे असते.

हे नुसते बोलून नीट कळायचे नाही. थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्यावी. नसली तरी हरकत नाही, आकडे सोपे आहेत.

समजा, दहा किलोमीटरचा एक सरळ रस्ता आहे. एका टोकाला वरचे गाव, दुसऱ्या टोकाला खालचे गाव. दोन्ही गावांत पेंडीचे एकेक दुकान. रस्त्याच्या कडेने वस्त्या सारख्या पसरलेल्या आहेत, दर किलोमीटरला दहा घरे, एकूण घरे शंभर. प्रत्येक घरी जनावरे, आणि प्रत्येक घराला महिन्याला पेंडीचे एक पोते लागते. दुकानदाराला पोते घरात पडते १४०० रुपयांना. रस्ता कच्चा, खाचखळग्यांचा, पावसाळ्यात चिखलाचा. म्हणून पोते घरी आणायला किलोमीटरमागे २० रुपये पडतात.

अशा रस्त्यावर दोघेही दुकानदार १६०० रुपये भाव लावून बसले आहेत. अर्ध्या वाटेपर्यंतची पन्नास घरे वरच्या दुकानाची, पुढची पन्नास खालच्या दुकानाची. प्रत्येकाला पोत्यामागे २०० रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला १०,००० रुपये. आता वरच्याच्या मनात आले की, आपण भाव ४० रुपयांनी उतरवावा आणि खालच्याची गिऱ्हाइके ओढावीत. किती येतील? मधल्या घरापासून एक किलोमीटर खाली राहणाऱ्या माणसाला वरच्या दुकानाकडे यायला २० रुपये जास्त लागतात, आणि खालच्या दुकानाकडे जायला २० रुपये कमी लागतात. फरक झाला ४० चा. म्हणजे ४० रुपयांच्या सवलतीने सीमा सरकली अवघी एक किलोमीटर, आणि गिऱ्हाइके वाढली फक्त दहा. आता साठ पोती, पोत्यामागे १६० रुपये, नफा ९,६०० रुपये. दहा हजारांचे नऊ हजार सहाशे झाले! वरचा शहाणा असेल तर तो पुन्हा १६०० वर येईल. उलट ४० रुपयांनी भाव वाढवला तर चाळीस घरे उरतात, पोत्यामागे २४० सुटतात, नफा पुन्हा ९,६०० च. म्हणजे दोघांपैकी कोणालाही हलण्यात फायदा नाही. १६०० हा भाव तेथे ठाण मांडून बसतो. दोघांनी एकत्र बसून काही ठरवले आहे असे नव्हे. संगनमताने भाव ठरवणे २००२ च्या स्पर्धा कायद्याने गुन्ह्यासारखेच निषिद्ध आहे. पण येथे संगनमताची गरजच नाही. ते काम चिखल करतो.

आता हाच रस्ता डांबरी झाला असे समजू. टेंपो सुरळीत जाऊ लागला, आणि वाहतुकीचा खर्च किलोमीटरमागे २० चा ५ रुपयांवर आला. बाकी सगळे तेच. तीच दुकाने, तीच पेंड, तीच घरे. आता वरच्याने भाव ४० रुपयांनी उतरवला तर? आता सीमा एक किलोमीटर सरकायला ४० नव्हे, १० रुपये पुरतात. ४० रुपयांत ती चार किलोमीटर सरकेल. नव्वद घरे वरच्याची होतील आणि पोत्यामागे १६० प्रमाणे नफा होईल १४,४०० रुपये. असा मोह कोणाला आवरणार? पण खालचाही हात बांधून बसणार नाही, तोही उतरवील. ही चढाओढ थांबेल कोठे? हिशेब सांगतो की १४५० रुपयांवर. तेथे प्रत्येकाची पन्नास पोती, पोत्यामागे ५० रुपये, नफा २,५०० रुपये. तेथून १० रुपये उतरले किंवा चढले तरी नफा २,४०० होतो, म्हणून दोघेही तेथेच थांबतात.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. अगदी मध्यावर राहणाऱ्या शेतकऱ्याला पूर्वी पोते घरपोच पडत होते १६०० अधिक १००, म्हणजे १७०० रुपयांना. आता पडते १४५० अधिक २५, म्हणजे १४७५ ला. त्याचे २२५ रुपये वाचले. त्यांतले गाडीभाड्यात वाचले फक्त ७५. उरलेले १५० दुकानदाराने भावात सोडले. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, ज्याचे घर दुकानाला खेटून आहे, ज्याने त्या नव्या रस्त्यावर पाऊलही टाकले नाही, त्याचेही १५० रुपये वाचले. कारण दुकानदार आता असे म्हणू शकत नाही की, जाशील कोठे?

श्रोतेहो, हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. खऱ्या जगात रस्ता सरळ नसतो, वस्त्या सारख्या नसतात, आणि दुकानदार इतका काटेकोर हिशेब करीत बसत नाही. पण त्यातले तत्त्व खरे आहे. रस्त्याचा फायदा मोजताना आपण वाचलेले भाडे मोजतो, वाचलेला वेळ मोजतो. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि कित्येक वाड्यावस्त्यांना बारमाही रस्ते मिळाले. अशा रस्त्याची किंमत फक्त भाड्याच्या बचतीत मोजली, तर मोठा वाटा वहीबाहेरच राहतो. तो वाटा म्हणजे पलीकडच्या दुकानाचा धाक.

आता दुसऱ्या प्रकारच्या अंतराकडे वळू. दोन दुकाने शेजारी शेजारी आहेत, भिंतीला भिंत लागून. मग बर्त्रां म्हणतो तसे भाव तळाला जायला हवेत. पुष्कळदा जातात, पण नेहमीच जात नाहीत. समजा एका दुकानात सरकीची पेंड आहे आणि दुसऱ्यात शेंगदाण्याची. म्हैसवाला म्हणतो, मला सरकीच हवी, तिने दूध दाट येते. दुसरा म्हणतो, माझ्या गाईला शेंगपेंड मानवते. तिसऱ्याला दोन्ही सारख्याच. येथे रस्ता नाही, पण अंतर आहे. ते वस्तूवस्तूंमधले अंतर आहे. होटेलिंगने स्वतःच हे ओळखले होते. त्याने सफरचंदाच्या पेयाचे उदाहरण दिले आहे. कोणाला ते गोड आवडते, कोणाला आंबट. अगदी गोडापासून अगदी आंबटापर्यंत एक रेघ ओढली, तर ती रेघ म्हणजे एक रस्ताच, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचे घर आपापल्या आवडीच्या ठिकाणी. विक्रेता आपला माल त्या रस्त्यावर कोठे मांडतो, एवढाच प्रश्न.

एक वस्तू दुसरीची जागा कितपत घेऊ शकते, याला अर्थशास्त्रात पर्यायिता म्हणतात. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. एकीचा भाव चढला तर दुसरीचा खप किती वाढतो, ते पाहावे. शेंगतेल महागले की घरोघरी सोयाबीनचे किंवा सरकीचे तेल येते. याचा अर्थ ही तेले एकमेकांच्या जवळ राहतात. मीठ महागले तर मात्र त्याच्या जागी काही येत नाही. मीठ एकटेच माळावर राहते, त्याला शेजारी नाही. ज्या वस्तूला जवळचा शेजारी आहे तिचा विक्रेता भाव बेताने चढवतो. ज्या वस्तूला शेजारी नाही तिच्या विक्रेत्यावर नजर ठेवावी लागते.

हे दोन वस्तूंमधले अंतर कधी खरे असते, कधी केवळ समजुतीचे असते. खताचेच पाहा. युरियाचे पोते कोणत्याही कारखान्याचे घ्या, आत नत्र ४६ टक्केच. पिकाच्या मुळाला पोत्यावरचे नाव वाचता येत नाही! तरीही वर्षानुवर्षे शेतकरी अमक्याच नावाचा युरिया मागत आले. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडत होती. या भागातल्या कारखान्याचा युरिया दूरच्या भागात जाई, आणि त्या दूरच्या भागातल्या कारखान्याचा इकडे येई. एकच माल एकमेकांसमोरून उलटसुलट धावे, आणि ते भाडे शेवटी सरकारच्या अनुदानातून जाई. हे उलटसुलट धावणे कमी व्हावे, हा एक हेतू ठेवून ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खते ‘भारत’ या एकाच नावाने विकण्याची योजना केंद्र सरकारने सुरू केली. तिचे तत्त्व आजच्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर असे की, समजुतीचे अंतर पुसले म्हणजे खरे अंतरही तोडावे लागत नाही.

येथे कोणी विचारील, मग व्यापारी एकमेकांच्या जवळ तरी का येतात? पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साड्यांची दुकाने ओळीने आहेत. कोल्हापूरच्या गुजरीत सराफाशेजारी सराफ आहे. भाव तुटण्याची भीती त्यांना वाटत नाही का? होटेलिंगचे उत्तर असे होते की, प्रत्येक विक्रेता मध्याकडे सरकतो, म्हणजे त्याच्या पाठीमागची गिऱ्हाइके त्याचीच राहतात आणि समोरची थोडी अधिक मिळतात. अशा रीतीने दोघेही मध्यावर पाठीला पाठ लावून उभे राहतात, आणि त्यांचा मालही एकसारखा होत जातो. हे उत्तर पन्नास वर्षे चालले. १९७९ साली द'आस्प्रेमाँ, गाब्झेविच आणि तीस या तिघांनी दाखवून दिले की त्यात एक फट आहे. दोन दुकाने फार जवळ आली तर भाव ठरतच नाही. एक जण दुसऱ्याचे सगळे गिऱ्हाईक एका फटक्यात पळवू पाहतो, दुसरा उलटा फटका मारतो, आणि कोणालाच स्वस्थता लाभत नाही. म्हणून भावाची लढाई टाळायची असेल, तर विक्रेता दुसऱ्यापासून दूरच राहू पाहतो.

मग लक्ष्मी रस्ता कसा जमला? तेथे दुकाने रस्त्याने जवळ आहेत, पण मालाने एकमेकांपासून थोडी दूर आहेत. एकाकडे पैठणी, दुसऱ्याकडे इरकल, तिसऱ्याकडे रोजच्या वापरातली लुगडी. गिऱ्हाईक चार दुकाने पाहायला मिळतात म्हणून लांबून येते, आणि प्रत्येक दुकानदार मालातला थोडासा वेगळेपणा जपून आपले कुंपण राखतो. तोच न्याय आठवड्याच्या बाजाराला. बाजाराच्या दिवशी गावोगावचे अंतर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुसले जाते. पाच भाजीवाल्या शेजारी बसतात, आणि वांग्याचा भाव पाच गावांत पाच असायचा तो तेथे एक होतो.

आतापर्यंत आपण गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो होतो. पण शेतकरी नुसता गिऱ्हाईक नव्हे, तो विकणाराही आहे. ऊस विकताना तोच रस्ता उलट्या बाजूने त्याला अडवतो. ऊस तोडला की दिवसागणिक त्याचे वजन घटते आणि साखर उतरते. तो साठवता येत नाही, लांब नेता येत नाही. म्हणून ज्याच्या शेताजवळ एकच कारखाना आहे, त्याला विकणारा म्हणून एकच दार असते. पेंडीच्या दुकानाची जहागीर गिऱ्हाइकांची होती, कारखान्याची जहागीर उसाच्या शेतांची असते. दोन कारखान्यांच्या मध्यावर ज्याचे शेत, तो भाग्यवान. त्याच्याकडे दोन्हीकडची तोड येऊ शकते. अगदी गेटजवळच्या शेतकऱ्याचे भाडे कमी, पण त्याला दुसरे दारही लांब.

या बाबतीत कायद्यानेही अंतर घातले आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली दुरुस्ती झाली, आणि दोन साखर कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर हवाई अंतर असावे, असा नियम आला. राज्यांना ते वाढवण्याची मुभा होती, आणि महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. यामागची बाजू समजून घ्यायला हवी. कारखाना उभारायला प्रचंड भांडवल लागते. पुरेसा ऊस मिळाला नाही तर तो हंगाम पुरा करू शकत नाही, आणि बंद कारखान्याचा बोजा शेवटी सभासदांच्याच डोक्यावर येतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अंतर वाढले की कुंपण उंच होते, आणि मधल्या शेतकऱ्याचे दुसरे दार दूर जाते. २०१२ साली डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने उसाचे क्षेत्र राखून ठेवण्याची आणि किमान अंतराची अट काढून टाकावी, अशी शिफारस केली, ती याच विचाराने. कुंपण आहे म्हणूनच उसाला किमान दर ठरवून देण्याची गरज पडते. २००९ पासून त्याला रास्त आणि किफायतशीर दर म्हणतात. तो दर म्हणजे ज्या जागी दुसरे गिऱ्हाईक उभे राहू शकत नाही, तेथे सरकारने उभे केलेले दुसरे गिऱ्हाईकच समजा.

पर्यायाचा प्रश्न येथेही येतो. कोल्हापूर भागात उसाला गुऱ्हाळाचे दार असे. कारखान्याची तोड लांबली किंवा दर पटला नाही, तर काही ऊस गुळाकडे वळे. गूळ आणि साखर खाणाराच्या ताटात शेजारी आहेत. म्हणूनच ती ऊस पिकवणाराच्या वाटेवरही दोन वेगवेगळी दारे होतात. ज्या भागातली गुऱ्हाळे बंद पडली, त्या भागातल्या शेतकऱ्याचे एक दार बंद झाले, मग त्याने स्वतः कधी गुऱ्हाळाला ऊस घातला असो वा नसो.

कुंपणाला दुसराही एक उपाय आपल्याकडे निघाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याने गाळप सुरू केले. त्यातली कल्पना अशी की, जवळ एकच गिऱ्हाईक असणार असेल तर ते गिऱ्हाईक आपणच व्हावे. मग कुंपणातला नफा सभासदाच्या घरी परत येतो. अर्थात तो येतो का, हे सभासद वार्षिक सभेत हिशेब विचारतात की नाही, यावर अवलंबून आहे. मालकी कागदावर राहिली तर अंतर होते तेथेच राहते.

आणखी दोन अंतरे आहेत. ती नकाशावर दिसत नाहीत. पहिले माहितीचे. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर कोळी समुद्रातून तारली मासळी आणतात. १४ जानेवारी १९९७ या दिवशीची एक नोंद आहे. बडगरा येथे अकरा कोळ्यांना मासळी घेणारा कोणी मिळेना, ती टाकून द्यायची पाळी आली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या दोन बाजारांतून सत्तावीस गिऱ्हाइके मासळी न मिळता परत गेली. समुद्र मोकळा होता, नाव हाताशी होती. नव्हती ती फक्त बातमी. पुढे काही वर्षांत त्या किनाऱ्यावर मोबाइल फोन आले. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाने २००७ साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले, कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, आणि खाणाराला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. विकणारा आणि घेणारा दोघेही सुखी झाले. मध्यप्रदेशातही असेच काही घडले. तेथे २००० सालानंतर एका मोठ्या कंपनीने गावोगावी संगणक ठेवून सोयाबीनचा आपला खरेदीभाव जाहीर करायला सुरुवात केली. त्यावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, सरकारी मंडईतलाही भाव सरासरी १ ते ३ टक्क्यांनी चढला. ज्याने त्या कंपनीला एक दाणाही विकला नाही, त्यालाही लाभ झाला. दुकानाला खेटून राहणारा आपला मघाचा शेतकरी आठवा.

दुसरे अंतर उधारीचे. हे सगळ्यांत लांबचे. ज्या दुकानदाराकडे वर्षाची खातेवही आहे, ज्या व्यापाऱ्याकडून बी-बियाण्यासाठी उचल घेतली आहे, त्याला सोडून पलीकडे जाता येत नाही. रस्ता डांबरी असतो, फोन खिशात असतो, पलीकडचा भाव ठाऊकही असतो. पण उचल फेडल्याशिवाय माल दुसरीकडे नेता येत नाही. अशा माणसाच्या लेखी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला दुकानच नसते. म्हणून गावात वेळेवर आणि बेताच्या व्याजाने कर्ज देणारी सोसायटी नीट चालते की नाही, हा प्रश्न व्याजापुरता नसतो. तो कापसाच्या, कांद्याच्या, सोयाबीनच्या भावाचाही प्रश्न असतो.

एक गोष्ट न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल. कुंपण नेहमी धनवानाचेच असते असे नाही. गावचा कुंभार, गावचा चांभार, एकाच मागावर घोंगडी विणणारा सनगर, यांनाही खराब रस्त्याने पुष्कळ वर्षे आडोसा दिला होता. रस्ता झाला तशी गिरणीची चादर आली, प्लॅस्टिकची घागर आली. ज्या दिवशी गिऱ्हाइकाचे दीडशे वाचले, त्या दिवशी कोणाच्या तरी घरातले दीडशे गेले. त्यावर रस्ता उखडणे हा उपाय नव्हे. रस्त्याचा आडोसा गेला, तर मालाच्या वेगळेपणाचा आडोसा उभारावा लागतो. गिरणीच्या चादरीसारखीच घोंगडी विणून सनगर टिकणार नाही. घोंगडी घोंगडीच राहिली, तिचे लोकरीपण आणि टिकाऊपण गिऱ्हाइकाला पटवता आले, तर तिचे घर त्या रस्त्यावर वेगळ्या जागी राहते. त्यासाठी त्याला मदत हवी, आणि ती मदत गावाने व सरकारने वेळेवर द्यायला हवी.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. हा पाठ फळ्यापेक्षा अंगणात चांगला होतो. शाळेच्या मैदानावर चुन्याने एक लांब रेघ ओढा आणि तिच्यावर सारख्या अंतरावर अकरा दगड मांडा. दोन टोकांना दोन मुले दुकानदार म्हणून उभी करा, बाकीची मुले दगडांजवळ घरे धरून बसू द्या. प्रत्येक दुकानदाराने आपला भाव पाटीवर लिहायचा. प्रत्येक घराने भाव अधिक भाडे अशी दोन्हीकडची बेरीज करून ठरवायचे, कोठे जायचे ते. पहिल्या खेळात भाडे दगडामागे वीस रुपये, दुसऱ्यात पाच. मुलांना बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे. तिसऱ्या खेळात एका घराच्या हातात चिठ्ठी द्या. तिच्यावर लिहा, ‘याची उधारी वरच्या दुकानात आहे, याला दुसरीकडे जाता येत नाही.’ मग दोन्ही दुकानदार काय भाव लिहितात ते पाहा, आणि त्या मुलाला विचारा की, भाव ठाऊक असून तू का गेला नाहीस? आपल्या गावात अशी घरे किती, हे मुले मग घरी जाऊन आपणहून विचारतील.